माझा तक्ता, तिचं खोकं

हेडमास्तर इओसुआ मला म्हणाले, "फुआतिनोबाई, शाळेला पन्नास वर्षं होतायत, पुस्तिका काढायचीय. तेपोराबाईंवर एक पान तुम्ही लिहा. तुमच्याइतकं त्यांना दुसरं कोण ओळखतं?" मी पान लिहून दिलं. जन्म, शिक्षण, मुलांवरची माया, कॉम्प्युटरचं काम, देव त्यांना उदंड आयुष्य देवो. एका पानात बाई बसवली. पण वाचून बघितलं तर त्यात तेपोरा कुठेच नव्हती, आणि मी तर नव्हतेच नव्हते. म्हणून हे दुसरं लिहिते आहे. हे पुस्तिकेत जाणार नाही.

आधीच सांगून टाकते. तेपोरावरून माझ्या पोटात तीस वर्षं दुखत आलं आहे. आम्ही दोघी एकाच वर्षी शिक्षिका झालो, एकाच बोटीने एकाच दिवशी फिजीच्या पलीकडच्या या सवाई बेटावर उतरलो, एकाच शाळेत लागलो. तिला पहिली मिळाली, मला तिसरी. तेव्हापासून तिच्या कोंबड्या अंडी घालतात आणि माझ्या नुसत्या ओरडतात. तिच्या फणसाला वाकतील एवढे फणस, माझ्या झाडाला पानं. माझ्या वर्गातलं पोर खेळताना पडलं तरी रडत रडत तिच्याच वर्गात जाणार. मी औषधाची बाटली घेऊन दारात उभी आणि ते तिच्या कमरेला गुंडाळलेल्या लावालावाला नाक पुसतंय. हे मी किती वर्षं बघायचं?

मला देवाने एकच गोष्ट दिली, ती म्हणजे अक्षर. तेपोराचं अक्षर बघितलं तर कोंबडी चिखलातून गेली असं वाटेल, पण माझं अक्षर बघायला दुसऱ्या गावची माणसं यायची. लग्नाच्या पत्रिका, शाळेचा बोर्ड, घरासमोरच्या थडग्यांवरची नावं, सगळं माझ्या हातचं. आणि तक्ता. आमच्या भाषेची सतरा अक्षरं, प्रत्येकाला एक चित्र. बावीस वर्षांपूर्वी मी एका जुन्या शिडाच्या कापडावर, होडीला लावतात त्या रंगाने, तीन महिने बसून तो रंगवला. पहिलं अक्षर आ, त्याला आतो, म्हणजे टोपली. दुसरं ए, त्याला एलेफाने, म्हणजे हत्ती. हत्ती मी जन्मात बघितलेला नव्हता. सोंड काढली ऐकीव माहितीवर, आणि कान काढले आमच्या डुकराचे. अक्षरं पहिलीत शिकवतात, म्हणून तक्ता पहिलीत लागला. म्हणजे वस्तू माझी आणि भिंत तिची. मला मूलबाळ नाही. माझ्यामागे राहील असं ते तेवढंच, हे मी मनात पक्कं धरून होते.

आमच्याकडे अजून एक खोड आहे, ती सांगायला हवी. तुमच्या वस्तूचं कुणी तोंडभरून कौतुक केलं, की ती वस्तू तुम्ही त्याच्या हातात ठेवायची. नाही ठेवली तर तुमची लाज जाते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तेपोराला सहज म्हटलं, "कंगवा छान आहे गं तुझा." तिने तिथल्या तिथे केसातून काढून माझ्या हातात दिला. कासवाच्या पाठीचा होता, तिच्या आईचा. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की त्यानंतर तिच्या कुठल्याही गोष्टीला मी चांगलं म्हटलं नाही. कौतुक गिळून गिळून माणसाचं काय होतं, ते मला विचारा.

आता कॉम्प्युटरकडे येते. त्या फेब्रुवारीत शाळेला दोन वापरलेले कॉम्प्युटर मिळाले. हेडमास्तरांनी आम्हा पाच शिक्षकांना दुपारी चटईवर बसवलं.

"सहा शनिवार सालेलोलोगाला जाऊन शिकून यायचंय," ते म्हणाले. "नुसता वापरायचा कसा ते नाही. सांभाळायचा कसा, आणि इंटरनेटवर बाकीच्या बेटांवरच्या शिक्षकांशी ओळखी कशा करायच्या, कशा ठेवायच्या, तेही. एकानेच जायचंय." आणि ते माझ्याकडे वळले. "फुआतिनोबाई, तुमचं इंग्रजी चांगलं, हात चांगला. तुम्ही जाल ना?"

मी खाली बघून म्हटलं, "छे, माझी कुठली लायकी. माझ्यापेक्षा शहाणी माणसं इथे बसलीत."

हे असंच म्हणायचं असतं. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारी बाई हावरट ठरते. दुसऱ्यांदा विचारलं की गप्प बसायचं, आणि तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर. मी चटईचा उसवलेला धागा सारखा करत दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले. तेवढ्यात कोपऱ्यातून तेपोरा म्हणाली, "मग मी जाऊ का? मला तर काहीच येत नाही. म्हणजे मलाच शिकवायला हवं ना?"

सगळे हसले. हेडमास्तरही हसले आणि त्यांनी वहीत तिचं नाव लिहिलं. मला कुणी पुन्हा विचारलं नाही.

दोनातला एक कॉम्प्युटर पहिलीत ठेवला गेला, आणि त्या दिवसापासून मी त्याला खोकं म्हणायला लागले. तिचं खोकं.

शनिवारी संध्याकाळी बस माझ्या घरासमोर थांबायची. तेपोरा उतरायची ती थेट माझ्या ओट्यावर, घामाघूम, हातात वही. मी कोको पुढे करायचे, तेवढं माणुसकीचं केलंच पाहिजे, आणि ती दिवसभरात काय काय चुकलं ते सांगायची. स्वतःच्या चुका अशा चवीने सांगणारी बाई मी दुसरी बघितली नाही. दुसऱ्या शनिवारी शिकवणाऱ्या मुलीने म्हणे मुद्दामच एक खोटं पत्र सगळ्यांना पाठवलं. 'नमस्कार, कृपया तुमचा पासवर्ड कळवा.' कोण फसतं ते बघायला.

"बाकी कुणीच दिला नाही," तेपोरा म्हणाली. "मी दिला."

"का?"

"अगं, मागितला ना त्यांनी. एवढा नमस्कार घालून मागितला. नाही कसं म्हणायचं? आणि मी वर लिहिलं, हा आमचा पासवर्ड, लहानसा आहे, गोड मानून घ्या."

मी हसले, आणि आतून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. मला वाटलं, सहा शनिवारांत ही काही शिकत नाही. पुढच्या शनिवारी ती सांगत आली, की पासवर्ड ही एकच गोष्ट अशी आहे जी मागितली तरी द्यायची नाही, आणि हे शिकायला तिला सगळ्यात जड गेलं. "रात्रभर वाईट वाटत होतं," म्हणाली.

पण ती शिकली. त्या कोंबडीच्या अक्षरात तिने वहीच्या वही भरली. सोमवारी अपडेट, त्याला ती 'जेवण' म्हणायची. बुधवारी झाडलोट. शुक्रवारी सगळ्याची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि पेन ड्राइव्ह बिस्किटाच्या डब्यात कोरड्या तांदळात पुरून ठेवायचा, म्हणजे समुद्राची ओल लागत नाही. रविवारी हात लावायचा नाही, देवाने विश्रांती घेतली तर यंत्रानेही घ्यावी. पडद्यावर पाद्रीसाहेबांचा फोटो होता. त्यांच्या डोक्यावरून माउसचा बाण न्यावा लागला, की ती वाकून 'तुलोउ' म्हणायची. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून हात न्यायचा झाला तर आम्ही म्हणतो तो शब्द, माफी असावी अशा अर्थाचा. फोटोची माफी मागणारी बाई म्हणून मी तिची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. ती स्वतःही हसली. तिच्यावर रागावणं म्हणूनच एवढं कठीण.

एका बुधवारी ती माझ्या वर्गाच्या दारात आली. मी फुलांच्या पाट्या रंगवत होते. तिने माझ्या हातातला ब्रश बघितला आणि म्हणाली, "किती मऊ आहे गं हा ब्रश. असा ब्रश मी कुठेच बघितला नाही."

झालं. ज्या ब्रशाने मी तक्ता रंगवला होता तो ब्रश मी धुऊन, पुसून तिच्या हातात दिला, आणि त्या दिवसापासून त्याने खोक्यातली धूळ झाडली जायला लागली. मुद्दाम म्हणाली की सहज, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पावसाळा सरेपर्यंत, आमच्याकडे तो एप्रिलमध्येच सरतो, आजूबाजूच्या तीन शाळांचे कॉम्प्युटर खारट हवेने आणि पालींनी खाऊन टाकले. आमचे दोन्ही चालू. मग काय, त्या शाळांचे मास्तर तेपोराकडे यायला लागले. चांगले मोठे मोठे लोक, घराण्याच्या पदव्या लावणारे, आणि ते तेपोरासमोर चटईवर बसून वहीत उतरवून घेतायत, पंखा कसा पुसायचा. जाताना कुणी तारोचे कंद देऊन जातंय, कुणी मासे. एका मास्तरांनी मला विचारलं, "तेपोराबाई कुठे बसतात हो?" पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाची पत्रिका मी लिहिली होती. मी बोट दाखवलं आणि वर्गात जाऊन मुलांना उगाच शुद्धलेखन घातलं.

आणि मग ते ओळखींचं प्रकरण. बेटाबेटांवरच्या शिक्षकांचा एक गट आहे इंटरनेटवर. बाकीचे तिथे दोन शब्दांत लिहितात, हाय, मी अमुक, गणित शिकवते. तेपोराने पहिल्याच दिवशी भाषण लिहिलं. आमच्या सभेत उठून बोलायचं असतं तसं. आधी देवाला, मग गटातल्या वडीलधाऱ्यांना, मग एकेका देशाचं नाव घेऊन तिथल्या मोठ्या माणसांना, मग शिक्षकांना, मग त्यांच्या घरच्यांना, आणि शेवटी, मी एक अडाणी बाई, पहिलीला शिकवते, मला पदरात घ्या. शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं म्हणे, की थोडक्यात लिहा. तेपोराला थोडक्यात म्हणजे उद्धटपणा वाटला.

लोकांना ते इतकं आवडलं की दोनशे जणांनी उत्तरं दिली. आणि ही बया एकेकाला उलट उत्तर लिहीत बसली. दोन बोटांनी. शाळा सुटल्यावर रोज, प्रार्थनेची घंटा होईपर्यंत.

"अगं, सगळ्यांना कशाला?" मी म्हटलं.

"नमस्कार केला त्यांनी. नमस्काराला उत्तर नको द्यायला?"

"मग ते उत्तराला उत्तर देणार, तू त्याला देणार. मरेपर्यंत हेच करत बसशील."

"बसते की," ती म्हणाली. "माणसं चांगली आहेत."

जूनमध्ये तिने माझ्या तक्त्याचा फोटो काढून त्या गटात टाकला.

मला ते हेडमास्तरांकडून कळलं. चहाच्या सुट्टीत ते म्हणाले, "फुआतिनोबाई, तक्ता फार लांब पोचला बरं का. चारशे माणसांनी बघून लिहिलंय." मला वाटलं ते चेष्टा करतायत. मग कळलं की खरंच आहे. चारशे माणसं तेपोराचं कौतुक करतायत, माझ्या तक्त्यावरून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं भिंत तिची होती ती होतीच, आता तक्ताही तिचा झाला.

तेपोरा दुपारी आली. "फुआ, चल ना, बघ तरी."

"मला वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "फुआ, दोन मिनिटं. लोक काय लिहितायत बघ."

"तुझी माणसं, तुझं खोकं. मला कशाला दाखवतेस?"

ती यायची आणि मी नाही म्हणायचे. कधी मुलांच्या वह्या असायच्या, कधी डोकं दुखायचं. चर्चच्या पायरीवरसुद्धा तिने विचारलं. टेंभा मिरवायला आपल्याला नेतेय, एवढंच माझ्या मनात होतं. तिच्या शेजारी बसून तिचं कौतुक वाचायचं आणि वर हसायचं, एवढं मोठं मन माझं नाही.

आणि मग मी जे केलं ते कुणालाच सांगितलेलं नाही. ऑगस्टमध्ये तेपोराच्या चुलत्याचं मयत झालं, ती चार दिवस दुसऱ्या गावी गेली. जाताना खोक्यावर तिने स्वतःचा नवा लावालावा पांघरून ठेवला होता, फुलाफुलांचा. ते पांघरूण बघितलं आणि मला काय झालं कोण जाणे. मी घरून एक पानिकेके आणला होता, गोड भजीच म्हणा, तेलात तळलेला. अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा मी खोक्याच्या मागे, जिथे वारा आत जायची जाळी असते, तिथे सरकवला. आणि वर्गात जाऊन पाढे घेतले.

आमच्याकडच्या मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. तेपोरा परत आली तेव्हा खोकं मुकं झालं होतं. आत मुंग्यांनी घर केलं होतं, अंडी, माती, सगळं. दोन दिवस ती जमिनीवर बसून ते उघडून, माझ्याच त्या ब्रशाने एकेक मुंगी झाडत होती. पहिलीची मुलं भोवती बसून मोजत होती. मी दारातून विचारलं, "काय झालं गं?" आवाजात काळजीही आणली.

"मुंग्या," ती म्हणाली. वर बघितलंही नाही. "मुलांनी काहीतरी सांडलं असेल."

तिसऱ्या दिवशी खोकं सुरू झालं. मला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे विचारू नका. दोन्ही वाटलं, आणि दोन्हींची लाज वाटली.

त्यानंतर आठवड्याभराने ती माझ्या ओट्यावर आली. मी तारो सोलत होते. ती नेहमीसारखी बसली नाही, उभीच राहिली.

"फुआ, ऑकलंडची एक बाई आहे. आपलीच आहे. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये आपल्या मुलांना आपली अक्षरं शिकवते. तिला तक्ता फार आवडलाय. चार वेळा लिहिलं तिने. असा तक्ता मी कुठेच बघितला नाही, म्हणते. आता मी काय करू, सांग."

मी सुरी खाली ठेवली नाही. "मला काय विचारतेस? तुझी भिंत, तुझी माणसं. तुला करायचं ते कर."

"नक्की?"

"म्हटलं ना, कर."

ती गेली. मला वाटलं, आणखी एखादा फोटो काढणार असेल.

आमच्या शाळेत वर्गांच्या मधल्या भिंती छातीपर्यंतच आहेत. रोज सकाळी पहिलीची मुलं सुरात अक्षरं म्हणतात आणि मला तिसरीत ऐकू येतात. त्या सोमवारी ती अडखळायला लागली. आ झालं, ए म्हणताना दोन तिघं थांबली. एवढी वर्षं न थांबलेला सूर थांबला म्हणून मी भिंतीवरून डोकावले. भिंतीवर चार खिळे होते आणि मधे एक पांढरा चौकोन, बावीस वर्षं ऊन न लागलेला.

मी माझा वर्ग टाकून तिकडे गेले. मुलांसमोरच विचारलं. "तक्ता कुठाय?"

"गेला," तेपोरा म्हणाली. "शुक्रवारच्या बोटीने. ऑकलंडला."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. चोर म्हणाले, हे आठवतं. माझ्या हातच्या कामाला स्वतःचं नाव लावलंस म्हणाले. तीस वर्षं तू माझं सगळं घेत आलीस, मुलं घेतलीस, शनिवार घेतलेस, ब्रश घेतलास, आणि आता माझ्यामागे राहणारी एकच वस्तू होती ती तू लोकांच्या टाळ्यांसाठी देऊन टाकलीस. मुलं तोंडं उघडी टाकून बघत होती. तेपोराने त्यांना बाहेर खेळायला पाठवलं. मग तिने खोक्यावरचं पांघरूण काढलं, एक खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस."

"मी बसणार नाही."

"फुआतिनो, बस." तिने मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी बसले.

तिने दोन बोटांनी काहीतरी दाबलं आणि तक्ता पडद्यावर आला. खाली आमच्या भाषेत लिहिलं होतं, तेपोराच्याच शब्दांत, चुकांसकट. 'हा तक्ता माझ्या वर्गात आहे पण माझा नाही. तो तिसरीच्या फुआतिनोबाईंनी रंगवला आहे. गावातलं सगळं सुंदर अक्षर त्यांचंच आहे. मी फक्त त्याच्यावरची धूळ झाडते.' आणि त्याखाली माणसं. फिजीची, टोंगाची, न्यू झीलंडची, कुठली कुठली. फुआतिनोबाईंना नमस्कार. फुआतिनोबाईंचा हात बघून डोळे निवले. फुआतिनोबाई, हत्तीला डुकराचे कान कसे, आमच्या मुलांना तो हत्ती फार आवडला. एकेकाच्या खाली तेपोराचं उत्तर होतं. 'फुआतिनोबाई जरा संकोची आहेत. त्या स्वतः येऊन तुम्हाला लिहितील.' चारशे वेळा तेच लिहिलं होतं तिने, दोन बोटांनी.

मी वाचत राहिले.

"मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"तुला तीनदा विचारावं लागतं, हे मला ठाऊक आहे," तेपोरा म्हणाली. "त्या दिवशी चटईवर हेडमास्तर विसरले, मी विसरले नव्हते. पण मला ते शिकायचंच होतं, म्हणून मी तोंड उघडलं. तेवढं चोरलं मी, खरंय. म्हणून या वेळी म्हटलं, आपण विचारत राहायचं. अकरा वेळा विचारलं तुला. मोजलेत."

मग ती पेन ड्राइव्हचा डबा उघडून त्यात उगाच तांदूळ खालीवर करत म्हणाली, "आणि तक्ता मी नाही दिला. तो तुझ्या वतीने दिला. कुणी चार वेळा कौतुक केल्यावर तू ठेवून घेतला असतास का? तशी बाई नाहीस तू. तुला विचारलं तर म्हणालीस, कर."

मी दिला असता. रडत दिला असता, पण दिला असता, आणि हे तिला माझ्याआधी माहीत होतं. याचासुद्धा मला हेवा वाटला.

"त्या मुंग्या," मी म्हटलं.

"पानिकेके तुझ्या घरचा होता," ती म्हणाली. "गावात केळं घालून फक्त तू करतेस. मुंग्यांनी पीठ खाल्लं, केळं ठेवलं थोडं." आणि डब्याचं झाकण लावलं. "ते मी वहीत नाही लिहिलं."

बाहेर मुलं आपापलीच ओरडून अक्षरं म्हणत होती आणि हत्तीशी आली की हसत होती. भिंतीवर तो पांढरा चौकोन होता. खोक्याच्या शेजारी, कपड्याच्या घडीवर, माझा ब्रश पडला होता. धुळीने करडा झाला होता, पण केस जागच्या जागी होते. दर बुधवारी तिने तो धुतलेला असणार.

तीस वर्षांत मी तिच्या एकाही गोष्टीला चांगलं म्हटलं नव्हतं. मी घसा साफ केला.

"ब्रश अजून किती मऊ आहे गं तुझा," मी म्हटलं. "असा ब्रश मी कुठेच बघितला नाही."

तेपोराने माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी ब्रश उचलून माझ्या हातात दिला.